मासेमारीच्या कयाकला पेट्रोल इंजिन लावावे की विजेची मोटार?

कयाकवरून गळ टाकणाऱ्याला पहिल्या एक-दोन हंगामांतच एक गोष्ट कळते. दिवसातला बराचसा वेळ आणि खांद्यांतले बरेचसे बळ वल्ह्यावर खर्च होते, आणि ठिकाणावर पोहोचेपर्यंत भरतीची योग्य वेळ टळून गेलेली असते. मग मोटारीचा विचार सुरू होतो आणि दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे दोन-अडीच अश्वशक्तीचे, होडीच्या मागे बाहेरून लावायचे छोटे पेट्रोल आउटबोर्ड इंजिन, आणि दुसरा म्हणजे बॅटरीवर चालणारी ट्रोलिंग मोटार. इंटरनेटवर शोधताना एक लक्षात ठेवावे की अमेरिकेत पेट्रोललाच ‘गॅस’ म्हणतात, त्यामुळे तिकडच्या माहितीतली ‘गॅस मोटार’ म्हणजे आपले पेट्रोलचे इंजिन होय. या लेखात पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राला इंजिन आणि विजेवर चालणाऱ्याला मोटार म्हटले आहे.

माझी कयाक बारा फुटी, वर बसायची आणि मागे निमुळती होत गेलेली आहे. माझे बहुतेक दिवस वाशिष्ठीच्या खाडीत, दाभोळच्या आतल्या बाजूला, जिताडा आणि तांबोशीच्या मागे जातात, आणि उन्हाळ्यात काही दिवस घाटमाथ्यावरच्या धरणांवर. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. माझे मत आधीच सांगतो: निमुळत्या मागच्या कयाकसाठी विजेची मोटारच योग्य आहे, आणि पेट्रोलचे इंजिन फक्त रुंद, चौकोनी पाठीच्या होडीवजा कयाकला, तेही अंतर खरोखर मोठे असेल तरच शोभते. परंतु हे मत जसेच्या तसे घेऊ नये. खालचे हिशेब प्रत्येकाने आपल्या पाण्यासाठी आणि आपल्या वजनासाठी करून पाहावेत, कारण निर्णय त्या आकड्यांतूनच निघतो.

पहिली पायरी: परतीचा प्रवास कागदावर मांडा

दुकानात जाण्यापूर्वी एक कागद घ्या आणि आपल्या नेहमीच्या दिवसाचे वर्णन लिहून काढा. किनाऱ्यापासून पहिल्या ठिकाणापर्यंत किती किलोमीटर, तिथून पुढे किती फिरणे होते, गळ ओढत हळूहळू चालण्यात किती तास जातात, आणि परत येताना पाणी व वारा कोणत्या दिशेला असतात. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण विचारत नाहीत. मोटार निवडताना जाण्याचे अंतर मोजले जाते, पण माणूस अडकतो तो परतताना.

कोकणातल्या खाड्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. सकाळच्या भरतीबरोबर आत जाणे सुखाचे असते, परंतु मार्च ते मे या महिन्यांत दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि खाडीच्या तोंडाकडे परतणाऱ्याला तो थेट नाकावर घ्यावा लागतो. ओहोटी मदतीला असेल तर पाणी पुढे ढकलते, पण वारा आणि ओहोटी समोरासमोर आले की अरुंद जागी आखूड, उभ्या लाटा उठतात. पाणी चढत असेल तर वारा आणि प्रवाह दोन्ही विरुद्ध असतात. त्यातच उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत पाण्याचा ओढा भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांपेक्षा कितीतरी जोराचा असतो. म्हणून कागदावर दोन दिवस मांडा, एक भांगाचा आणि एक उधाणाचा, आणि निवड उधाणाच्या दिवसावरून करा. धरणावर प्रवाह नसतो, पण पाण्याचा विस्तार मोठा असल्यामुळे वारा लाटा उभ्या करतो, तेव्हा तिथेही परतीची दिशा लिहून ठेवावी.

दुसरी पायरी: कयाकचा वेग कुठे थांबतो ते जाणून घ्या

पाणी कापत चालणाऱ्या कोणत्याही होडीला तिच्या लांबीने ठरवून दिलेली वेगाची एक मर्यादा असते. पाण्यात असलेल्या लांबीचे, मीटरमध्ये मोजलेले, वर्गमूळ काढून त्याला साडेचाराने गुणले की ती मर्यादा ताशी किलोमीटरमध्ये साधारणपणे मिळते. बारा फुटी कयाकची पाण्यातली लांबी ३.५ मीटर धरली तर वर्गमूळ १.८७ येते आणि वेग सुमारे ८.४ किलोमीटर प्रतितास. या वेगाजवळ होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. त्यापुढे कितीही शक्ती लावली तरी ती बहुतांशी लाट मोठी करण्यात आणि मागचा भाग पाण्यात दाबण्यात जाते.

इथे एक आकडा ध्यानात घेण्यासारखा आहे. अडीच अश्वशक्ती म्हणजे सुमारे १,८०० वॅट. बारा फुटी कयाकला मर्यादेच्या जवळपास नेण्यासाठी ५५ पौंड रेट्याची विजेची मोटार बॅटरीतून सुमारे ६०० वॅट घेते. म्हणजे पेट्रोल इंजिनाची तिप्पट ताकद मिळाली म्हणून वेग तिप्पट होत नाही, तो जेमतेम थोडा वाढतो. रुंद आणि चौकोनी पाठीच्या होडीचे गणित थोडे वेगळे असते, कारण मागच्या सपाट, रुंद भागाला पाणी वर उचलून धरते आणि ती इंजिनाच्या जोरावर काही प्रमाणात लाटेच्या पुढे सरकू शकते. निमुळत्या पाठीच्या कयाकला ही सोय नाही, ती मागे बसते आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर काढते.

याच पायरीवर वजनाचाही हिशेब करावा. माझे उदाहरण घेतो: कयाक ३८ किलो, मी ७५ किलो, गळ, नांगर, पाणी आणि बर्फाची पेटी मिळून २० किलो, आणि मोटार-बॅटरी २५ किलो, असे एकूण १५८ किलो. कंपनीने दिलेल्या वजनक्षमतेत कयाकचे स्वतःचे वजन धरलेले नसते, परंतु त्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच भार ठेवावा, म्हणजे बसायची जागा कोरडी राहते आणि लाटेत तोल टिकतो.

तिसरी पायरी: विजेच्या मोटारीचा हिशेब

ट्रोलिंग मोटारीची ताकद अश्वशक्तीत नव्हे, तर पौंडांतल्या रेट्यात सांगतात. ५५ पौंड रेटा म्हणजे सुमारे २५ किलोचा धक्का. स्थिर पाण्यासाठी दर ४५ किलो वजनामागे २ पौंड रेटा हा जुना आडाखा आहे, आणि त्यानुसार १५८ किलोंना ७-८ पौंड पुरतात. म्हणजे धरणावर शांत पाण्यात ३० पौंडांची मोटारही भरपूर झाली. खाडीत मात्र प्रवाह आणि वारा यांसाठी ४५ ते ५५ पौंडांची घ्यावी. बारा व्होल्टच्या सर्वसाधारण मोटारींत ३० पौंडांची मोटार पूर्ण वेगात ३० ॲम्पिअर, ४५ पौंडांची सुमारे ४२ आणि ५५ पौंडांची सुमारे ५० ॲम्पिअर ओढते.

आता बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी कयाकवर नेण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो टाळलाच पाहिजे. १५० ॲम्पिअर-तासांची ती बॅटरी ५० किलोंच्या वर भरते, कयाक कलली की त्यातले आम्ल सांडते, आणि तिची नोंदवलेली क्षमता सावकाश, दहा-वीस तासांत वीज काढली तरच मिळते. ५० ॲम्पिअरने ओढले की ती क्षमता बरीच घटते, शिवाय शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर ती लवकर संपते. याउलट १०० ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ११-१२ किलोंची असते, तिच्यातली बहुतेक सगळी वीज वापरता येते आणि ती दोन हजारांहून अधिक वेळा चार्ज होऊ शकते. ती महाग आहे, पण या सगळ्या खरेदीत जिथे काटकसर करू नये अशी हीच एक जागा आहे, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या कयाकवर ५५ पौंडांच्या मोटारीने, स्थिर पाण्यात, जीपीएसवर घेतलेले माप असे आहे: ताशी ५ किलोमीटरला सुमारे १५ ॲम्पिअर आणि ताशी साडेसात किलोमीटरला जवळजवळ ५०. वेग दीडपट झाला आणि वीज सव्वातीनपटीहून अधिक लागली. हे नियमाला धरूनच आहे, कारण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १०० पैकी ८० ॲम्पिअर-तास वापरायचे आणि २० राखीव ठेवायचे असे ठरवले, तर ताशी ५ किलोमीटरने सव्वापाच तास, म्हणजे सुमारे २६ किलोमीटर जाता येते. साडेसातच्या वेगाने तीच बॅटरी दीड तासाच्या थोडी पुढे जाते आणि १२ किलोमीटरांत आटोपते.

प्रवाहाविरुद्धचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो, आणि तो कोणी समजावून सांगत नाही. ताशी ३ किलोमीटरच्या ओढ्याविरुद्ध ४ किलोमीटर यायचे आहे असे समजा. मोटार ताशी ५ वर ठेवली तर किनाऱ्याच्या हिशेबाने ताशी २ किलोमीटरच कापले जातात, दोन तास लागतात आणि ३० ॲम्पिअर-तास खर्च होतात. साडेसातवर ठेवली तर ५३ मिनिटांत पोहोचतो, पण ४४ ॲम्पिअर-तास जातात. फारच हळू चालवली, म्हणजे ताशी साडेतीनवर, तर आठ तास लागतील. घनाच्या नियमावरून असे निघते की प्रवाहाच्या वेगाच्या साधारण दीडपट वेगाने चालवल्यास बॅटरी सर्वांत कमी खर्ची पडते. ओढा ताशी ४ असेल तर मोटार ताशी ६ वर, ओढा ३ असेल तर साडेचारवर. बॅटरी अर्ध्याखाली आली असताना घाबरून पूर्ण वेग देणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे काठाजवळ, तिवरांच्या आडोशाने, जिथे ओढा कमी असतो तिथून येणे, किंवा नांगर टाकून पाणी थांबण्याची वाट पाहणे.

लिथियम बॅटरीचा एक स्वभाव नवख्याला फसवतो. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहतो आणि मग आतले संरक्षक सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते एका क्षणात वीज तोडते. आधी मोटार मंदावणे, कुरकुरणे असे काहीच होत नाही. म्हणून साध्या व्होल्टमीटरवर विसंबू नये. आत-बाहेर गेलेले ॲम्पिअर-तास मोजणारा, शंट असलेला मीटर बसवावा. किंमत फार नसते आणि खाडीत तोच आपला पेट्रोलचा काटा असतो.

चौथी पायरी: पेट्रोल इंजिनाचा हिशेब

पेट्रोलची बाजू आधी न्यायाने मांडली पाहिजे. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलो आणि त्यात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. छोटे इंजिन त्यातला पाचवा हिस्साही पंख्यापर्यंत क्वचितच पोहोचवते, तरीही हातात दीड-पावणेदोन युनिट येतात, आणि १२ किलोच्या लिथियम बॅटरीत एकूण १.२८ युनिट मावतात. शिवाय डब्यातले पेट्रोल संपले की दुसरा डबा ओतता येतो, बॅटरी मात्र किनाऱ्यावर प्लगमध्येच भरावी लागते. दिवसाला ३० किलोमीटरहून जास्त अंतर, मुक्कामी वीज नाही, दोन-तीन दिवस सलग पाण्यावर राहायचे आहे, अशा कामाला पेट्रोलच हवे.

या वर्गातली इंजिने थोडीच आहेत. होंडाचे बीएफ २.३ हे ५७ सीसीचे, हवेने थंड होणारे चार-स्ट्रोक इंजिन आणि सुझुकीचे डीएफ २.५ हे ६८ सीसीचे, पाण्याने थंड होणारे, दोन्ही साधारण साडेतेरा किलोंची आहेत. यामाहाचे एफ २.५ सुमारे १७ किलोंचे आहे. तिघांच्याही अंगच्या टाक्या एक लिटरच्या आसपासच्या, आणि पूर्ण वेगात तासाला साधारण लिटरभर पेट्रोल लागते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला गोड्या पाण्याने आतून धुवावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण, पण आवाज फार. पाण्याचे इंजिन त्या मानाने शांत असते, मात्र दर वेळी गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ते काही मिनिटे चालवले नाही तर आतल्या वाटा मिठाने भरतात.

आता अडचणी. साडेतेरा किलोंचे वजन कयाकच्या अगदी शेवटी, पाठीच्याही बाहेर लटकते. बॅटरी मात्र पायांच्या पुढे ठेवून तोल साधता येतो. निमुळत्या कयाकवर इंजिन लावल्यावर माझी नाळ बोटभर वर आली आणि वारा लागताच ती वाऱ्याबरोबर फिरू लागली. पुढे दहा लिटर पाण्याचा कॅन बांधल्यावर कुठे ती सरळ चालली, म्हणजे एका वजनासाठी दुसरे वजन वाहावे लागले. दुसरी गोष्ट म्हणजे दांड्याची लांबी. या इंजिनांचा आखूड दांडा १५ इंच उंचीच्या पाठीसाठी बनवलेला असतो आणि कयाकची पाठ तेवढी उंच नसते. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेखाली दोन-तीन सेंटिमीटर असावी असे पाहून कंस उंच करावा लागतो, नाहीतर पंखा विनाकारण खोल जातो आणि उथळ पाण्यात पहिला दगड त्यालाच लागतो.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. हे इंजिन दोरी ओढून सुरू करायचे असते. वर बसायच्या कयाकवर पाय पुढे पसरून बसलेले असताना, कंबर मागे वळवून, एका हाताने आधार शोधत, दुसऱ्या हाताने ती दोरी झटक्यात ओढायची. पहिल्या झटक्याला कयाक उजवीकडे कलते, दुसऱ्याला शरीर आपोआप डावीकडे झुकते, आणि तिसऱ्याला काठावरून पाणी आत येते. किनाऱ्याजवळ गुडघाभर पाण्यात उभे राहून ते सोपे असते. दाभोळच्या धोपावे फेरीच्या लाटा येत असताना बंद पडलेले इंजिन सुरू करणे सोपे नसते. म्हणून निमुळत्या कयाकवर ज्याला मागे वळून हात सहज पोहोचत नाही त्याने पेट्रोलचा विचार इथेच थांबवावा.

इंधनाचाही प्रश्न आहे. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि या छोट्या आउटबोर्डांची पुस्तिका बहुधा १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा देते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत आठ-पंधरा दिवस टाकीत राहिलेल्या पेट्रोलमुळे कार्बोरेटरची बारीक छिद्रे चिकटतात. तेव्हा पुस्तिका आधी वाचावी, रबरी नळ्या आणि पॅकिंग दर हंगामात तपासावेत, आणि दिवस संपताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. राहिलेले पेट्रोल टाकीत न ठेवता गाडीत ओतून टाकावे.

पेट्रोलचा डबा कयाकच्या पोटातल्या बंद कप्प्यात कधीही ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते आणि कप्प्याचे झाकण उघडेपर्यंत तिची जाणीव होत नाही. डबा वर, मोकळ्या हवेत, बांधून ठेवावा. वारा पाठीमागून असताना हळू वेगात इंजिनाचा धूर बसणाऱ्याच्या तोंडाशी येतो, डोके जड वाटू लागले तर दिशा बदलावी.

आवाजाबद्दल एवढेच सांगतो की तिवरांच्या मुळांशी उथळ पाण्यात उभा असलेला जिताडा इंजिनाच्या आवाजाने हलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. इंजिन बंद करून शेवटचे दोनशे मीटर वल्हवत गेले तर पेट्रोलवाल्यालाही मासा मिळतो. विजेच्या मोटारीवर मात्र सर्वांत हळू वेगात गळ ओढत तिवरांच्या कडेने तासभर फिरता येते, आणि मोटार पायाने वळवण्याची सोय केली तर दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात.

पाचवी पायरी: परवानगी आधी, खरेदी नंतर

वल्ह्याच्या कयाकला मोटार लावली की कायद्याच्या नजरेत ती यंत्रचलित होते, मग यंत्र विजेचे असो वा पेट्रोलचे. देशांतर्गत जलमार्गांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आहे, आणि समुद्री मासेमारीसाठी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. तेव्हा आपल्या खाडीसाठी मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात आणि मत्स्यव्यवसाय विभागात जाऊन नोंदणी लागते का ते लेखी विचारावे. पावसाळी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, यंत्रचलित मासेमारी बंद असते आणि तसेही त्या दिवसांत कयाक पाण्यात घालणे जिवावरचे आहे. धरणांवर पाणी जलसंपदा विभागाचे आणि मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेचा असतो, दोघांची संमती घ्यावी. कोयनेचा शिवसागर जलाशय सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्राला लागून आणि त्यात आहे, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली आणि मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आहे. अशा क्षेत्रांत वन विभागाच्या परवानगीशिवाय जाण्याचा प्रश्नच नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी दोन गोष्टी. तिथे बहुतेक राज्यांत विजेची मोटार लावलेल्या कयाकलाही नोंदणी लागते. आणि कित्येक जलाशयांवर पेट्रोल इंजिनाला बंदी असते, उदाहरणार्थ न्यू जर्सीतल्या मनास्क्वान आणि मेरिल क्रीक या जलाशयांवर फक्त विजेची मोटार चालते. तिथे निवडीचा प्रश्न आपोआप सुटतो. तिकडून मोटार इकडे आणण्याचा विचार असेल तर हे लक्षात घ्यावे की १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून सामानात नेता येत नाही, आणि ट्रोलिंग मोटारीची बॅटरी त्याच्या कितीतरी पट मोठी असते. मोटार आणावी, बॅटरी इथेच घ्यावी.

सहावी पायरी: बसवणी आणि तारा

पेट्रोलचे इंजिन निवडले असेल तर कंस, तोल आणि दांड्याची लांबी पाहिली की काम बरेचसे झाले. विजेच्या मोटारीचे खरे काम तारांमध्ये आहे. माझ्या पहिल्या हंगामात एका दुकानाने मला ‘मोटारसायकलला चालते ती इथेही चालेल’ असे सांगून चार चौरस मिलिमीटरची तार दिली. अर्ध्या तासाच्या पूर्ण वेगानंतर जळक्या प्लास्टिकचा वास आला. बॅटरीच्या पेटीचे झाकण उघडले तर लाल जोडणीचे टोपण मऊ होऊन एका बाजूला ओघळले होते, आणि बोट लावताच ते मेणासारखे बोटाला चिकटले. मी तेव्हा काठापासून शंभर मीटरवर होतो आणि वल्हे हाताशी होते, म्हणून ती गोष्ट तिथेच संपली.

हिशेब साधा आहे. बॅटरी पुढे आणि मोटार मागे असेल तर एका बाजूची तार तीन मीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर. १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ५० ॲम्पिअरला सुमारे अर्धा व्होल्ट वाटेत जातो, १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास. चार चौरस मिलिमीटरमध्ये हाच आकडा सव्वा व्होल्टच्या पुढे जातो, आणि ती सगळी वीज तारेच्या उष्णतेत बदलते. म्हणून तीन मीटरसाठी १६ चौरस मिलिमीटरची, बारीक धाग्यांची, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली तार घ्यावी. ५५ पौंडांच्या मोटारीला ६० ॲम्पिअरचा सर्किट ब्रेकर लावावा, तोही बॅटरीच्या अगदी जवळ, धन बाजूच्या तारेवर. टोके दाबयंत्राने दाबून घ्यावीत आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. बॅटरीची पेटी पाणी न शिरणारी असावी आणि तळाला पट्ट्याने घट्ट बांधलेली असावी, कारण कयाक उलटली तर १२ किलोंचा सुटा ठोकळा झाकण फोडून बाहेर पडतो.

खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली मोटार घ्यावी, गोड्या पाण्याची घेऊ नये. तिच्यावरचा जस्ताचा तुकडा, ज्याला आपले मच्छीमार झिंक म्हणतात, तो अर्ध्याहून अधिक झिजला की बदलावा. दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पंखा काढून मागे तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, गुंडाळला गेला आहे का ते पाहावे. केसाएवढा धागाही दांड्याभोवतीचे सील कापतो, पाणी आत जाते आणि मोटार एका दिवसात निकामी होते. हे काम किनाऱ्यावर करावे. वाशिष्ठीच्या वरच्या भागात, चिपळूणच्या बाजूला, मगरी आहेत, तेव्हा तिथे पंख्यातले गवत काढण्यासाठी पाण्यात हात घालू नये, मोटार उचलून वर घ्यावी. पंख्याची जादा पिन, नट आणि पाना कयाकवर नेहमी असू द्यावा.

खाडीत बुडीर जाळी आणि खेकड्यांचे फास लावलेले असतात. पंखा जाळ्यात गेला तर नुकसान आपले होते त्याहून अधिक त्या मच्छीमाराचे होते. जाळी दिसताच मोटार उचलून वल्ह्याने पलीकडे जावे, आणि चुकून धागा तुटलाच तर शोधून भरपाई द्यावी.

सातवी पायरी: खर्च आणि अखेरचा निर्णय

सुरुवातीचा खर्च धरला तर मोटार स्वस्त पडते, पण चांगली लिथियम बॅटरी, चार्जर, मीटर आणि तारा मिळून ती पेट्रोल इंजिनाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते. चालवण्याचा खर्च मात्र फारच वेगळा आहे. १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरायला दीड युनिटच्या आत वीज लागते, म्हणजे दर फेरीला दहा-पंधरा रुपये. पेट्रोलचा एक लिटरच शंभर रुपयांच्या वर जातो आणि दिवसाला दोन-तीन लिटर सहज लागतात. वर तेल, स्पार्क प्लग आणि कार्बोरेटरची सफाई.

माझा निर्णय असा होतो. निमुळती कयाक, दिवसाला २० किलोमीटरपर्यंतचे अंतर, संध्याकाळी घरी वीज: विजेची मोटार, १०० ॲम्पिअर-तासांच्या लिथियम बॅटरीसह. तशीच कयाक पण अंतर २० ते ३० किलोमीटर: वजनक्षमता परवानगी देत असेल तर मोटार आणि दुसरी बॅटरी, दोन्ही पुढे ठेवून. चौकोनी, रुंद पाठ, ३० किलोमीटरच्या पुढे आणि बसल्या जागेवरून दोरी ओढता येण्याइतकी जागा: पेट्रोल. उघड्या समुद्रात खडकांपलीकडे जायचे असेल तर यांपैकी काहीही एकट्या कयाकवर पुरेसे नाही, तिथे दोन कयाक सोबत हव्यात.

आठवी पायरी: पहिले तीन दिवस

नवी मोटार किंवा इंजिन घेऊन पहिल्याच दिवशी खाडीत जाऊ नये. पहिला दिवस तळ्यात किंवा धरणाच्या आडोशाच्या कोपऱ्यात घालवा. जीवरक्षक जाकीट घालून मुद्दाम कयाक उलटवा आणि मोटारीसकट ती सुलटी करून पुन्हा वर चढता येते का ते पाहा. पेट्रोल असेल तर त्या चाचणीसाठी इंजिन उतरवून तेवढ्याच वजनाचा भार लावा. आपण पाण्यात पडल्यास यंत्र आपोआप बंद करणारी दोरी मनगटाला बांधण्याची सवय याच दिवशी लावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेगावर दहा-दहा मिनिटे चालवून किती किलोमीटर गेलो आणि किती ॲम्पिअर किंवा किती पेट्रोल लागले ते वहीत उतरवा. माझे आकडे तुमच्या कयाकला लागू पडणार नाहीत, तुमचेच आकडे तुम्हाला हवेत. तिसरा दिवस खाडीत, पण भांगाच्या भरतीला, सोबत दुसरी कयाक घेऊन, आणि अर्ध्या अंतरावर मोटार बंद करून फक्त वल्ह्याने परत या, म्हणजे मोटार बंद पडली तर किती वेळ लागतो ते कळते.

वहीतल्या आकड्यांवरून परत फिरण्याचा आकडा काढा. माझ्यासाठी तो ४० आहे: मीटरवर ४० ॲम्पिअर-तास खर्च झाले की मासा लागत असला तरी नाळ घराकडे वळते, आणि उधाणाच्या दिवशी ३०. हा आकडा मी पांढऱ्या रंगाने बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर, बसल्या जागेवरून दिसेल असा लिहून ठेवला आहे.